तनाझुलचा कागद

ताइफमधल्या एका खासगी शाळेत अरबी कागद आला की हफीजा तो मोठ्याने वाचायची आणि अनुराधा त्याचा अर्थ सांगायची. शाळेचं नाव सांगत नाही, सांगून आता कुणाचं भलं व्हायचं नाही. दोघींची नावं पाहून कुणालाही वाटेल की लिहिणाऱ्याने इकडचं तिकडे केलं, पण होतं ते असंच. हफीजा मुकादम हर्णैची. सातव्या वर्षी तिने कुराण वाचून पुरं केलेलं. अक्षर दिसलं की जीभ आपोआप चालायची. मात्र मौलवींनी वाचायला शिकवलं होतं, समजायला नाही. त्यामुळे सरकारी परिपत्रक ती सुरेख वाचायची आणि त्यातलं अवाक्षर तिला कळायचं नाही. अनुराधा परचुरे मूळची पुण्याची, पण वाढली जेद्दाहला. वडील तिथे बँकेत होते, आणि शेजारच्या पोरींशी भांडता भांडता ती फाडफाड अरबी बोलायला शिकली. लिहिलेलं मात्र तिला पहिलीतल्या मुलासारखं बोट ठेवून वाचावं लागे, आणि तेवढा धीर तिच्यात नव्हता. म्हणून वाचायला हफीजाचं तोंड आणि समजायला अनुराधाचे कान. स्टाफरूममध्ये यावरून थट्टा चालायची. त्या दोघीही हसायच्या.

अख्ख्या मुलींच्या विभागात मराठी बोलणाऱ्या या दोघीच. परदेशात आपली भाषा कानावर पडली की माणूस लगेच जवळचं वाटायला लागतं, आणि मग त्याला पारखून घ्यायचं राहून जातं. नऊ वर्षं त्या एका टेबलावर डबा खात होत्या. हफीजा तिला अनू म्हणायची, अनुराधा हिला हफी.

हफीजा पाचवी-सहावीच्या मुलींना गणित शिकवायची. अनुराधा आधी संगणक शिकवायची, आणि २०१८ साली शाळेने प्रत्येक वर्गात स्मार्टबोर्ड लावले तेव्हा ती त्या सगळ्या कारभाराची प्रमुख झाली. मुदीरा, म्हणजे मुख्याध्यापिकाबाई, पहिल्याच बैठकीत म्हणाल्या की यापुढे या शाळेत हाताने फळा पुसलेला मला दिसता कामा नये. पहिल्या दिवशी हफीजाने काय करावं? सवयीने पर्समधला काळा मार्कर काढला आणि त्या कोऱ्या, चकचकीत, परदेशातून आलेल्या पडद्यावर पूर्णांकयुक्त अपूर्णांकाचं उदाहरण ठसठशीत लिहून टाकलं. मुली किंचाळल्याच. अनुराधा धावत आली, दार लावून घेतलं, आणि दोघी खुर्चीवर चढून सॅनिटायझर लावलेल्या बोळ्याने पुसत बसल्या. मुदीरा फेरीला यायला पाच मिनिटं होती. शेवटचा आकडा निघाला तेव्हा अनुराधा हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती.

“तू माझी नोकरी घालवणार आहेस हफी,” ती म्हणाली होती. तेव्हा ते विनोदानं म्हटलेलं होतं.

त्यानंतर दोन महिने शाळा सुटल्यावर अनुराधाने तिला शिकवलं. पान कसं सरकवायचं, आकृती कशी कापायची, आवाज कसा भरायचा. आणि हफीजा अशी काही रंगली की विचारू नका. तिच्या हाताला ते यंत्र वळलं. मुदीराला सगळ्या विषयांचे धडे चित्रित करून हवे होते: पडद्यावर शिक्षिकेचा हात दिसेल, मागून तिचा आवाज येईल. गणिताचे एकशे चाळीस धडे हफीजाकडे आले.

तिचा अपूर्णांकांचा धडा शाळेत गाजलेला होता. कोपऱ्यावरच्या भट्टीतून ती तमीस आणायची, ती मोठी गोल अफगाणी रोटी. तिचा चौथा तुकडा बाजूला काढून मुलींना विचारायची, “काय उरलं ते सांगू नका. काय कमी आहे ते सांगा.” इंग्रजीत त्याला चारातले तीन म्हणतात. हफीजाच्या डोक्यात मात्र हर्णैचं पाऊण होतं: एकाला पाव कमी. मुलींना शब्द माहीत नव्हता, पण तो विचार त्यांच्या डोक्यात बसायचा, आणि सुदानी काय, पाकिस्तानी काय, सौदी काय, कुणाचंही मग वजाबाकीत अडत नसे. प्रश्न विचारल्यावर ती गप्प उभी राहायची, मनात वीसपर्यंत मोजत. त्या वेळातच मुली शिकतात असं तिचं म्हणणं होतं. चित्रणातही ती तशीच गप्प राहिली, तेव्हा अनुराधा म्हणाली, “अगं बाई, एवढा वेळ आवाजच नाही. बघणाऱ्याला वाटेल बोर्ड बिघडला. शेवटी कापावं लागेल.” हफीजाला ते पटलं नाही, पण यंत्रातलं आपल्याला काय कळतं म्हणून ती गप्प बसली.

आता हफीजाला एवढा उत्साह कुठून आला ते सांगायला हवं.

तिचा नवरा बदरुद्दीन ताइफमध्येच मोबाइलच्या दुकानात होता. २०१६ मध्ये हुकूम निघाला की मोबाइलच्या दुकानात यापुढे फक्त सौदी माणसं बसतील. बारा वर्षं सांभाळलेलं काउंटर त्याला सोडावं लागलं. फार खटपटीनंतर रियाधला एका गोदामात काम मिळालं. मधलं अंतर आठशे किलोमीटर. तो तिथे पाच पुरुषांबरोबर एका खोलीत, ही इथे शाळेच्या इमारतीत. नवरा-बायकोची भेट दोन ईदना. हफीजाचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, शाळेच्या नावावर. म्हणजे शाळा तिची कफील, जामीनदार. शाळेने सोडल्याशिवाय तिला ताइफबाहेर नोकरी धरता येत नव्हती.

२०१९ च्या सुरुवातीला रियाधहून निरोप आला. मोहियुद्दीनभाई नावाचे श्रीवर्धनचे एक गृहस्थ तिथल्या एका शाळेची सरकारी कागदपत्रं बघायचे. त्यांच्या शाळेला गणिताची बाई हवी होती, आणि कुटुंबाला राहायला दोन खोल्याही होत्या. अट एकच. रमजान संपायच्या आत जुन्या शाळेचं तनाझुल आणायचं.

हा शब्द तिकडच्या आपल्या माणसांना नीट माहीत असतो. अरबी येवो न येवो, इकामा, कफील आणि तनाझुल हे तीन शब्द पहिल्या महिन्यात तोंडी बसतात. तनाझुल म्हणजे सुटकेचं पत्र. कफील लिहून देतो की या माणसावरचा माझा हक्क मी सोडला, आता तो दुसऱ्याकडे जायला मोकळा. वर्षानुवर्षं लोक या एका कागदाची वाट बघतात.

हफीजाने अनुराधाला गळ घातली. अनुराधा मुदीराशी बोलली आणि निरोप घेऊन आली: सगळे धडे पुरे करून दे, मग बघू.

“बघू नाही,” हफीजा म्हणाली. ती काही दूधखुळी नव्हती. “शंभर धडे दिलेत. उरलेले चाळीस तयार आहेत, माझ्या डिस्कमध्ये. अपूर्णांक, दशांश, भूमिती, सगळं त्यात आलं. आधी तनाझुल, मग डिस्क. सांग त्यांना.”

अनुराधा तिच्याकडे बघत राहिली. “बरं,” म्हणाली. “सांगते.”

एप्रिलमधला गुरुवार होता. ताइफमध्ये गुलाबांचे दिवस. शाळेच्या फाटकापर्यंत वास यायचा. शेवटचा तास झाल्यावर अनुराधा कागद घेऊन संगणक खोलीत आली. खाली मुदीराचा गोल शिक्का होता. हफीजाने कागद हातात घेतला आणि नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचायला लागली. वरच ठळक अक्षरात एकच शब्द होता.

“तनाझुल,” तिने वाचलं. तीन वर्षं हा शब्द तिने दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला होता. डोळे पुसून ती पुढे वाचायला लागली, “अना अल-मुवक्किआ अदनाह...”

अनुराधाने कागदावर हात ठेवला. “पुरे गं. पुढे नेहमीचीच सरकारी बडबड आहे. सही कर पटकन, मुदीरा निघाल्यात.”

“तनाझुलच ना, अनू?”

“आताच वाचलंस ना तू? तनाझुलच आहे.”

कफीलच्या पत्रावर आपली सही आणि आपला अंगठा कशाला, हा प्रश्न हफीजाला पडायला हवा होता. पडला नाही. माणूस तीन वर्षं ज्या दाराशी उभं असतं ते उघडल्यावर बिजागरी तपासत नाही. तिने सही केली, निळ्या शाईचा अंगठा उमटवला, पर्समधून डिस्क काढली आणि अनुराधाच्या हातात दिली. वर तिला मिठीही मारली. शुक्रवारी तिने सांदणं केली, नारळाच्या दुधासकट डबा भरून अनुराधाच्या घरी पोचवला. अनुराधाचा नवरा सदानंद घरीच होता. रुग्णालयात संगणक विभागात तो कामाला होता. तो हल्ली रोजच घरी दिसतो हे हफीजाच्या लक्षात आलं होतं, पण अनुराधा म्हणाली होती की रजा साठलीय, संपवतोय.

मूळ कागद कचेरीच्या नोंदीसाठी अनुराधाने परत नेला होता, पण त्याचा फोटो काढून हफीजाने गुरुवारीच बदरुद्दीनला पाठवला होता. तो शनिवारी मोहियुद्दीनभाईंकडे गेला. दुपार कलताना, असरच्या नमाजानंतर, त्याचा फोन आला.

“हफीजा, भाईंनी कागद वाचलानी,” तो म्हणाला.

“मग? कधी यायचं म्हणाले?”

“हा आपला तनाझुल नाय गो.”

“असं कसं? मी स्वतः वाचलाय. वरच लिहिलंय.”

“लिहिलंय, पण शाळेने काय नाय सोडलान. तू सोडलंस. ‘मी, खाली सही करणारी’ अशी सुरुवात. भाई म्हणाले, अरबीत तनाझुल म्हणजे नुसता हक्क सोडणं, कुणीही, कशावरचाही. तू लिहून दिलंस की या धड्यांवर माझा काय एक हक्क नाय. माझा आवाज, माझं अक्षर, माझी चित्रं, सगळं शाळेचं. नि नोकरी संपल्यावर मी कसलाच दावा करणार नाय.”

“नोकरी संपल्यावर?”

“तसंच लिहिलंय.”

मग बदरुद्दीन हळूच म्हणाला, “मी शेगडी आणून ठेवली होती.”

हफीजाने फोनमधला तो कागद पुन्हा समोर धरला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. एकही उच्चार चुकला नाही. गुरुवारीही चुकला नसता. पुरता वाचला असता तर अनुराधाला तो ऐकावा लागला असता, आणि ऐकून वर तोंडावर खोटं बोलावं लागलं असतं. म्हणूनच तिने मध्ये हात घातला होता. हे हफीजाला आता कळलं. बाहेरच्याने फसवलं असतं तर ती ओरडली असती, दोन शिव्या हासडून मोकळी झाली असती. इथे केसाने गळा कापला होता, आणि तोही आपल्याच भाषेत.

रविवारी शाळा उघडताच ती अनुराधाला गाठायला निघाली. वाटेत पाचवी ब चा वर्ग लागला आणि आतून तिला स्वतःचा आवाज ऐकू आला.

दाराच्या काचेतून तिने पाहिलं. पडद्यावर तिचा हात होता, तमीस होती, बाजूला सरकलेला चौथा तुकडा होता. टेबलामागे एक नवीन, तरुण सौदी शिक्षिका वही उघडून बसली होती. “काय कमी आहे ते सांगा,” पडद्यावरची हफीजा म्हणाली, आणि श्वासही न घेता तिनेच उत्तर दिलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर करायला घेतला होता. अर्ध्यावरून तिने तो खाली घेतला.

नव्या बाईंनी काचेतून तिला पाहिलं आणि त्या लगबगीने बाहेर आल्या. पोर गुणी होती, तिला काही ठाऊक नव्हतं. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, “उस्ताझा, तुमचे किती उपकार. मला गणित कठीण वाटायचं. मुदीरा म्हणाल्या, पुढच्या वर्षी दोन्ही वर्ग तूच घे, धडे तयार आहेत. तुम्ही इंडियाला परत चाललात ना?”

“हो का?” हफीजा म्हणाली. आपण इंडियाला परत चाललो आहोत हे तिला असं व्हरांड्यात कळलं.

अनुराधा संगणक खोलीत पडद्याकडे तोंड करून बसली होती. हफीजाने दार लावलं.

“त्या दिवशी मी पुढे वाचत होते. तू मला का थांबवलंस?”

अनुराधाने मान वळवली नाही. “मी खोटं नाही बोलले, हफी. वर तनाझुलच लिहिलं होतं.”

“अनू, माझ्याकडे बघ.”

तिने बघितलं. डोळे रडून सुजलेले होते, आणि ते बघून हफीजाला जास्तच संताप आला. ज्याने मारायचं त्यानेच रडायचं, म्हणजे मार खाणाऱ्याला रडायलाही जागा ठेवायची नाही.

“सदानंदची नोकरी जानेवारीतच गेली,” अनुराधा म्हणाली. “त्याच्या जागी सौदी मुलगा घेतला. माझा इकामा त्याच्या नावावर. तो गेला की मी गेले, आणि आमचा राजस बारावीला आहे. शाळेला सौदी शिक्षिका वाढवायच्या होत्या, त्याशिवाय ती सरकारच्या सौदीकरणाच्या यादीत हिरव्या पट्ट्यात येत नव्हती, आणि बाहेरच्यांचे इकामे अडत होते. बाहेरच्यांपैकी आणखी एकीच्याच इकाम्याला जागा होती. मुदीराने तुझं नि माझं नाव समोर ठेवलं. म्हणाल्या, धडे पुरे हातात आले आणि हक्काचा कागद सही होऊन आला, तर तुझा इकामा शाळा करेल.”

“म्हणजे तो कागद लिहिला तेव्हा तू तिथे होतीस.”

अनुराधाने पुन्हा पडद्याकडे तोंड वळवलं.

“होतीस की नाही?”

“होते.”

“आणि मला सांगावंसं नाही वाटलं? एकदाही? सांदणं खाताना?”

“सांगितलं असतं तर तू डिस्क दिली असतीस?”

हफीजाने प्रामाणिकपणे विचार केला. “नसती दिली,” ती म्हणाली. “पण मग तुला माझ्याशी भांडावं लागलं असतं. तोंडावर. ते मला चाललं असतं गं.”

मग तिने विचारलं, “बरं, आता धडे मिळाले, कागद मिळाला. मी तशीही नकोच आहे त्यांना. मग खरं तनाझुल द्यायला काय जातं? मी रियाधला जाते, माझ्या नवऱ्याकडे. एवढं तरी बोलशील माझ्यासाठी?”

“बोलले मी. शप्पथ बोलले. त्या नाही म्हणतात. तू दुसऱ्या शाळेत गेलीस तर हेच धडे तिथे उभे करशील. म्हणून थेट खुरूज घातलाय.”

खुरूज म्हणजे कायमचं देशाबाहेर. त्या शिक्क्यावर दुसरी नोकरी मिळत नाही.

बदरुद्दीनने मोहियुद्दीनभाईंना घेऊन कामगार कार्यालयात खेटे घातले. तिथल्या माणसाने सही पाहिली, अंगठा पाहिला, आणि खांदे उडवून खलास म्हणाला. रमजान संपला. रियाधच्या शाळेने दुसरी बाई घेतली. त्या दोन खोल्या त्या बाईच्या कुटुंबाला गेल्या.

जूनच्या शेवटी हफीजाचं विमान होतं. तीन दिवसांची रजा काढून बदरुद्दीन ताइफला आला होता, तिला जेद्दाहच्या विमानतळावर सोडायला. त्याचा इकामा शाबूत होता, आणि दोघांपैकी एकाला तरी इथे राहणं भाग होतं. सकाळी दहाला तो गाडी बघायला खाली गेला, तेवढ्यात दारावर टकटक झाली.

दारात अनुराधा होती. हातात मिठाईचा डबा, दुसऱ्या हातात मुलींनी सही केलेलं एक मोठं कार्ड.

“हफी,” ती म्हणाली. “दोन महिने तू माझ्याशी बोलली नाहीस. जाताना तरी बोल. शिव्या दे मला, हव्या तितक्या. पण बोल.”

शिव्यांना हर्णैत काही तोटा नाही. बंदरावरच्या एकेक खमंग शिव्या हफीजाच्या ओठांवर येऊन गेल्या. पण त्या सगळ्या मराठीत होत्या. आणि हिच्यावर मराठीतली एक शिवीसुद्धा खर्च करायला तिचं मन होईना. शाळेत केरळच्या, हैदराबादच्या, लाहोरच्या बायकांशी ती ज्या आवाजात बोलायची, सभ्य, गुळगुळीत, कामापुरत्या हिंदीत, तोच आवाज तिने लावला.

“मॅडम, आप अंदर मत आइए. हमारी गाड़ी आ रही है.”

अनुराधाला आधी वाटलं ती थट्टा करतेय. “हफी, अगं असं काय बोलतेस?”

“जी, कहिए. कुछ काम था?”

अनुराधाचा चेहरा पडला. डबा पुढे करावा की मागे घ्यावा हे तिला सुचेना. तिने दोनदा तोंड उघडलं. नऊ वर्षांत जो शब्द कधी शोधावा लागला नव्हता तो आता सापडत नव्हता.

“कुछ नहीं,” ती शेवटी म्हणाली. “आप अपना खयाल रखिएगा.” आणि डबा तसाच हातात घेऊन ती जिना उतरून गेली.